हॅम्बुर्गचं वाय-फाय: चार दिवसांचा खराखुरा पब्लिक आयपी

केऑस कम्युनिकेशन काँग्रेस म्हणजे जर्मनीतल्या हॅकर मंडळींची जत्रा. नाताळ संपला की 27 ते 30 डिसेंबर, हॅम्बुर्गमध्ये. तिथल्या भाषणांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी सांगलीकडच्या एका छोट्या इंटरनेटवाल्याकडे बरीच वर्षं नेटवर्क सांभाळलंय, त्यामुळे माझं लक्ष वाय-फायवर.

पहिला धक्का लॉगिनला. युजरनेम-पासवर्ड काहीही टाका, आत घेतात. पण जे टाकाल त्यावर फायरवॉल, म्हणजे बाहेरून कोणाला आत येऊ द्यायचं याची राखण, ठरते. दोन्हीकडे 'आउटबाउंडओन्ली' लिहिलं तर बाहेरून कोणी तुमच्या लॅपटॉपचं दार वाजवू शकत नाही. 'अलाऊएनी' लिहिलं तर सताड उघडं. घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंगशी (बाहेरून आत यायला वाट करून देण्याशी) तासभर झटणाऱ्याला विचारा ही काय चैन आहे.

कारण इथे नॅट नाही, म्हणजे एकाच इंटरनेट पत्त्यामागे अनेक यंत्रं लपवण्याची युक्ती नाही. चौदा-पंधरा हजार माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन, पाठीवर लॅपटॉप, आणि प्रत्येक यंत्राला स्वतःचा पब्लिक, म्हणजे जगातून थेट गाठता येणारा आयपीव्ही4 पत्ता. (आयपीव्ही4 ही जुनी पद्धत, त्यातले पत्ते मोजकेच.) आमच्याकडे एका पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं कोंबलेली असायची. मग सराफ फोन करायचा, दुकानातल्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर घरून मोबाइलवर दिसत नाही म्हणून. त्याला स्टॅटिक आयपीचे (कायमच्या स्वतंत्र पत्त्याचे) वेगळे पैसे सांगायचे आणि शिव्या खायच्या.

एवढे पत्ते येतात कुठून? युरोपात पत्ते वाटणाऱ्या ॲम्स्टरडॅमच्या राइप एनसीसी या संस्थेने 151.216.0.0/13 हा सलग पत्त्यांचा अख्खा पट्टा तात्पुरत्या कामांसाठी राखून ठेवलाय: परिषदा, गेमिंगचे मेळे, संशोधन. गरज दाखवा, वापरा, मुदत संपली की परत करा. 2015च्या काँग्रेसमध्ये कोणीतरी जगभरच्या लाखो सर्व्हरांच्या लॉगमध्ये एक कविता टाकून दिली होती. तीही याच पट्ट्यातल्या, 151.217ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून.

हे न्याय्य आहे का, यावर माझं तिथल्याच एका रोमानियन पोराशी वाजलं. त्याचा मुद्दा खोटा नव्हता. युरोपात नव्याने वाटायचे पत्ते 25 नोव्हेंबर 2019लाच संपले, आता नवी कंपनी 256 पत्त्यांसाठी रांगेत उभी राहते. आपल्याकडेही नव्या इंटरनेट कंपनीला फार तर 512 मिळतात. आणि इथे लोक चार दिवस मजा मारणार!

मी हिशेब मांडला. या पट्ट्यात 5,24,288 पत्ते आहेत. रांगेतल्यांना वाटले तर 2,048 जणांचं भागेल, आणि विषय संपला. पुढच्या वर्षी परिषदेलाही काही नाही, नव्या कंपनीलाही नाही. राखून ठेवले तर तेच पत्ते एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात. गावजेवणाची मोठी पातेली एकाच्या घरी नेऊन ठेवत नाहीत. शिवाय काँग्रेससारख्याने 65,536 पत्त्यांचा तुकडा (/16) मागितला तरी माणशी दोन-तीन यंत्रं धरली की जवळजवळ निम्मा किंवा त्याहून जास्त वापरात येतो, म्हणजे मागणी हावरट नाही. पोरगं गप्प बसलं, पटलं असं मात्र म्हणणार नाही.

फिरत्या पत्त्यांची पीडाही आहे. आज हॅम्बुर्गमध्ये असलेला पत्ता मागच्या खेपेला भलत्याच देशात असतो आणि लोकेशनच्या याद्यांना ते उशिरा कळतं. मला एका दुकानाची वेबसाइट पोलिश भाषेत, झ्लॉटीत (पोलंडच्या चलनात) भाव दाखवत होती. बँकेच्या ॲपने तर थेट हाकललं. यावर उपाय आहे, आरएफसी 8805 नावाचा इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा दस्तऐवज: नेटवर्कवाल्याने 'हा पट्टा सध्या अमुक शहरात' अशी फाइल प्रसिद्ध करायची. पण ती वाचायची की नाही हे समोरच्याच्या मर्जीवर. बँकेसाठी मोबाइल डेटाच बरा.

या वाय-फायला गुण द्यायचे तर एक स्टार मात्र मी कापेन. ब्रुसेल्सच्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या परिषदेत 2014 पासून मुख्य वाय-फाय निव्वळ आयपीव्ही6वर, म्हणजे भरपूर पत्ते असलेल्या नव्या पद्धतीवर चालतं, जुन्या साइटसाठी मध्ये नॅट64 हा दुभाषा. आयपीव्ही4 हवंच असेल तर 'एन्शंट' नावाचं वेगळं नेटवर्क निवडायचं. बहुतेक फोनांना फरकही कळत नाही. हॅम्बुर्गच्या मंडळींना हे जमणार नाही असं थोडंच आहे? तसं केलं तर एवढा मोठा तुकडा मागायलाच लागणार नाही, आणि ज्याला खरंच सर्व्हर उघडा ठेवायचाय त्याला पब्लिक पत्ता देता येईल.

जाणार असाल तर लांब इथरनेट केबल आणि छोटा स्विच बरोबर न्या. गटांच्या टेबलांपर्यंत वायर येते, पुढचं आपलं आपण.