सामूहिक बागेसाठी जमीन-सल्ला सेवा: मसुदा चांगला, पॅकेज फुगवलेलं (५ पैकी ३.५ तारे)

आमच्या सामूहिक बागेची जागा विकली जाणार अशी कुणकुण लागली आणि समितीने सल्लागार नेमायचं ठरवलं. मी खजिनदार. पैसे मीच भरले, कागदही माझ्याकडेच राहिले, तेव्हा अभिप्राय लिहिण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. पण अशी सेवा घ्यावी का, असा प्रश्न इतर बागांनाही पडत असणार.

पाहणीला आलेल्या सल्लागार बाईंनी वाफ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आमची मंडळी त्यांना कंपोस्टचा खड्डा दाखवायला टपलेली, आणि बाईंचा पहिला प्रश्न, "तुम्ही ही जागा वापरता ती कोणत्या कागदावर?" कागद नव्हताच. मूळ मालकांनी "करा की, पडूनच आहे" म्हटलं होतं, तेवढंच. ते आता नाहीत, आणि जागा वारसांच्या नावावर आहे. बाईंनी परवानगी आणि भाडेपट्टा यांतला फरक अगदी मुद्द्याचा सांगितला. परवानगी मर्जीवर टिकते. भाडेपट्ट्याला मुदत असते, आणि तो रीतसर नोंदवलेला असला तर बहुतेक ठिकाणी नव्या मालकालाही पाळावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२५च्या कायद्यानुसार, स्थानिक संस्थेने भाजीपाल्याच्या वाफ्यांसाठी म्हणून घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. शेजारीच तात्पुरती म्हणून दिलेली जमीन असेल, तर तिला हे संरक्षण नाही. माती तीच, टोमॅटो तेच, फक्त दप्तरातली नोंद वेगळी.

आमच्यातल्या तरुणांना सह्यांची मोहीम काढायची घाई झाली होती. त्यावर बाईंनी लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल फार्मचं उदाहरण दिलं. १४ एकरांवर सुमारे ३५० कुटुंबं पिकवत होती. शहराने २००३मध्ये ती जमीन जुन्या मालकाला परत विकली. मग धरणं झालं, नामवंत लोक येऊन बसले, शेवटी मालकाने मागितलेली रक्कमही उभी राहिली. तरी तो विकायला तयार झाला नाही, आणि जून २००६मध्ये पोलिसांनी जागा रिकामी करून घेतली. उलट न्यूयॉर्कमध्ये १९९९ साली महापालिकेने शंभरावर बागा लिलावात काढल्या होत्या. लिलावाच्या आदल्या दिवशी दोन ना-नफा संस्थांनी मिळून त्या सुमारे ४२ लाख डॉलरना विकत घेतल्या. तिथेही मोर्चे निघाले होतेच. पण मोर्च्यांसोबत पैसे घेऊन तयार असलेला आणि जमीन कायम धरून ठेवणारा खरेदीदार होता. हे ऐकल्यावर आमची मोहीम रद्द झाली नाही, फक्त यादीत खाली गेली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना एक तारा देईन.

आता भाडेकराराचा मसुदा. पहिला मसुदा वाचून मला हसू आलं. तो सरळसरळ दुकानाच्या गाळ्याच्या करारावरून उतरवलेला होता. एक कलम होतं, "मुदत संपल्यावर जागा मूळ स्थितीत परत करावी." आमची मूळ स्थिती म्हणजे बांधकामाचा राडारोडा, फुटक्या काचा आणि कमरेएवढं तण. ते सगळं शोधून परत आणून टाकायचं का, असं मी लेखी विचारलं. नोटिशीची मुदत तीस दिवसांची होती. तीस दिवसांत मुळा निघेल, पण वांग्याचं काय? आणि फळझाडांना तर फळ धरायलाच काही वर्षं लागतात. आम्ही भांडलो, तेव्हा दुसरा मसुदा आला, आणि तो खरोखर नेमका होता. नोटीस कधीही दिली तरी हंगामाचं उभं पीक काढून होईपर्यंत जागा आमच्याकडे. कुंपण, पाण्याची टाकी आणि अवजारांची खोली आमची, ती उचलून नेता येतील. जागा विकायची झाली तर बाहेरच्याने देऊ केलेल्या किमतीला आधी आम्हाला विचारायचं आणि पैसे उभे करायला ठरावीक अवधी द्यायचा. नळजोडणी संस्थेच्या नावावर. हे शेवटचं मला सुचलंच नसतं. जोडणी मालकाच्या नावावर असेल, तर बाग बंद पाडायला नोटीसही लागत नाही.

करारावर सही करायला "आम्ही सगळे" चालत नाही, म्हणून आधी संस्था नोंदवून घ्यावी लागली. पोटनियमांचा नमुना त्यांनीच दिला. बरा होता. विम्याची आठवणही त्यांनीच केली, कारण कुणी पाय घसरून पडलं तर आपल्यावर येईल ही धास्ती बहुतेक मालकांना असते, आणि नकार द्यायला त्यांना ते कारण पुरतं.

तक्रारी. अहवाल ठरल्यापेक्षा बराच उशिरा आला. मातीतल्या शिशाच्या तपासणीबद्दल त्यात एकच ओळ होती. जुन्या पाडलेल्या इमारतींच्या जागी रंगातलं शिसं मातीत राहू शकतं, त्यामुळे नमुने कुठून आणि किती खोलीवरून घ्यायचे हे तरी सांगायला हवं होतं. जमीन बागेसाठी कायम धरून ठेवणाऱ्या विश्वस्त संस्थेकडे ती देण्याचा मार्ग सर्वांत पक्का, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, पण अशी संस्था शोधायची कशी यावर हात वर केले. ते काम आम्हीच करतो आहोत.

सध्या वारसांनी दहा वर्षांचा पट्टा तत्त्वतः मान्य केला आहे. विक्रीआधी आम्हाला विचारण्याच्या कलमावर त्यांचे वकील अजून कुरकुरताहेत.

सेवा घ्यायची तर विक्रीची बातमी येण्याआधी घ्या. नोटीस हातात पडल्यावर मसुद्याला फारशी किंमत उरत नाही. आणि सगळं पॅकेज घेऊ नका. कागदांची तपासणी आणि करार एवढंच पुरे. "जनजागृती साहित्य" नावाखाली आम्हाला मिळालेल्या भित्तिपत्रकांवर ट्युलिप होते. आमच्याकडे दोडका आहे.