छापील पुस्तक, फोन, ई-रीडर की ऑडिओ: नववी ते बारावीच्या पोरांनी काय निवडावं?

"मॅडम, मन्हा फोनमा शे ते पुस्तक. मंग कार्ड कसाले काढू?"

मी शाळेच्या ग्रंथालयात असते; अकरावीतल्या एका पोराचा हा जूनमधला प्रश्न. शाळेच्या ग्रंथालयाचं कार्ड फुकट असतं, पण आमच्याकडे त्याला दोन फोटो आणि वर्गशिक्षकांची सही लागते. या वयात सही मागायला जाणं म्हणजे संकटच. मी म्हटलं, दाखव तुझी पुस्तकं. फोनमध्ये खरंच दोनशेवर पीडीएफ होत्या, सगळ्या टेलिग्रामच्या कुठल्याशा ग्रुपवरून उतरवलेल्या. त्यातली एक उघडून पहिलं पान मला मोठ्याने वाचून दाखव, असं सांगितलं.

पान स्कॅन केलेलं होतं. त्याने दोन बोटांनी मोठं केलं, तर ओळीचं शेपूट पडद्याबाहेर गेलं. मग ओळ संपेपर्यंत उजवीकडे सरकवायचं, परत डावीकडे यायचं, खालची ओळ हुडकायची. चौथ्या ओळीनंतर तो थेट सहावीवर उतरला. तेवढ्यात वरून क्रिकेटच्या स्कोअरचं नोटिफिकेशन टपकलं आणि बोट आपोआप तिकडे गेलं. मग तोच हसायला लागला.

कार्ड त्या दिवशी निघालं. पण म्हणून मी फोनच्या विरोधात आहे असं समजू नका. कुणाला कपाटाकडे पाठवायचं आणि कुणाला फोनकडे, याचा माझा हिशेब ठरलेला आहे आणि तो 'काय वाचायचंय' इथून सुरू होतो.

गोष्ट वेगळी, धडा वेगळा

कागद आणि पडदा यांच्यावरच्या 54 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. हे अभ्यास 2000 ते 2017 या काळातले होते आणि त्यांतले वाचक मिळून 1 लाख 70 हजारांच्या वर. माहितीचा मजकूर कागदावर जास्त समजतो, घड्याळ लावून वाचायचं असेल तर हा फरक आणखी वाढतो, असं त्यातून निघालं. कथा-कादंबरीत मात्र फरक दिसला नाही. पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: वर्षं उलटली तशी पडद्याची ही पिछाडी भरून निघाली नाही, उलट वाढली. "आमची पिढी फोनवरच वाढली, आम्हाला सवय आहे" हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही.

तेव्हा जीवशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र यांच्यासाठी छापील पुस्तक धरा. पाठ्यपुस्तक फाटलं, हरवलं, तर बालभारतीची पीडीएफ मोफत मिळते. ती गरजेपुरती वापरा, सबंध धडा त्यावर करू नका. अपवाद सराव चाचण्यांचा. एमएचटी-सीईटी संगणकावर होते, त्यामुळे तिच्या चाचण्या पडद्यावरच सोडवा, पण चुकलेलं गणित वहीत पुन्हा करा.

कादंबरी, कथा, प्रवासवर्णन फोनवर बिनधास्त वाचा. एसटीने रोज अपडाउन करणाऱ्या पोरांना तर मी आपणहून सांगते, कारण गर्दीत उभं राहून एका हाताने जाडजूड कादंबरी धरता येत नाही, फोन धरता येतो. फक्त फाइल नीट हवी. ती ओळखायची सोपी खूण आहे. एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला तर तो सहसा खरा मजकूर, पण पीडीएफमध्ये अक्षर वाढवलं की ओळी आपोआप पडद्यात बसतीलच असं नाही. काहीच निवडलं गेलं नाही तर तो पानाचा नुसता फोटो आहे, नाद सोडा. तिसरा प्रकार जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफचा: दिसायला सुबक, पण शब्द शोधायला गेलात की काही सापडत नाही आणि कॉपी केलं की भलतीच अक्षरं उमटतात. युनिकोडमधली, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांतली, ई-पब फाइल मिळाली तर सगळ्यात उत्तम; तिच्यात अक्षर वाढवलं की ओळी आपोआप पडद्यात बसतात. आणि वाचायला बसताना विमान मोड. हा एक उपाय बाकीच्या दहा ॲपपेक्षा कामाचा आहे.

फुकट, पण चोरीचं नाही

टेलिग्रामच्या ढिगाऱ्याबद्दल बोलायलाच हवं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क असतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेले साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं 2011 पासून सगळ्यांसाठी खुली आहेत. धरणगावात जन्मलेले बालकवी 1918 मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, त्यांच्या कविता तर केव्हाच मोकळ्या झाल्या. ही मंडळी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात शोधा. 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीने खुले केलेत. आठवी-नववीतल्या पोराला वाचनाची गोडी लावायला त्याहून सोपी वाट मला माहीत नाही. ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकंही मोफत आणि लेखकांच्या संमतीने. याउलट यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबरीची पीडीएफ कुणी पाठवली तर ती चोरीचीच. ते पुस्तक ग्रंथालयातून न्या, नाहीतर दोघा-तिघांत मिळून विकत घ्या.

आता छापील पुस्तकाची बाजूही सगळी उजळ नाही. चांगल्या पुस्तकाची एकच प्रत आणि रांगेत चार वर्ग. पूर्वी मी एका शाळेत होते, तिथे पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये असायची. तपासणीला अधिकारी आले की कपाट उघडायचं, दाखल नोंदवहीशी आकडे जुळवायचे, पुन्हा कुलूप. एकदा उघडलं तर खालच्या कप्प्यातले ज्ञानकोशाचे खंड वाळवीने आतून पोखरलेले, वरून पुठ्ठे जागच्या जागी. तुमच्या शाळेत अशी स्थिती असेल तर गावातलं सार्वजनिक वाचनालय गाठा. बहुतेक तालुक्यांच्या गावी एखादं असतंच, आणि विद्यार्थ्यांची वर्गणी कमी असते.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास असतो, लाइट गेलेली असते, आणि चार्जिंगला लावून वाचलं तर फोन तव्यासारखा तापतो, स्वतःहून उजेड कमी करतो, शेवटी बंद पडतो. पुस्तक ओसरीवर, निंबाखाली, कुठेही चालतं. सुट्टीत केळीच्या बागेत पाणी भरायला जाणारी पोरंसुद्धा घेऊन जातात. परत येतं तेव्हा पानांवर केळीचे डाग असतात, आणि ते डाग जात नाहीत. मी दंड लावत नाही. वाचल्याची ती एकच पावती मला मिळते.

ई-रीडर घ्यावा का?

ई-रीडर म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र. बहुतेकांनी घेऊ नये. 2017 मध्ये पदरचे पैसे घालून मी एक घेतला, या हिशेबाने की एका यंत्रात शंभर पुस्तकं भरून वर्गात फिरवू. जवळच्या सगळ्या फाइल स्कॅन केलेल्या निघाल्या. सहा इंची पडद्यावर अक्षरं मोहरीएवढी, आणि पान मोठं करायचं तर ते एवढ्या सावकाश हलायचं की पोरं कंटाळून उठून गेली. दोष यंत्राचा नव्हता, माझ्या फाइलींचा होता. कागदासारखा शाईचा पडदा डोळ्यांना खरोखर हलका वाटतो, उन्हातही दिसतो आणि एकदा चार्ज केला की दिवसच्या दिवस चालतो. इंग्रजी कादंबऱ्यांचा नाद असेल, दर महिन्याला दोन-तीन पुस्तकं विकत घेऊन वाचत असाल, तर पैसे वसूल. नाहीतर त्याच पैशांत छापील पुस्तकांचं अर्धं कपाट भरतं.

कानांनी वाचणं

पालक याला वाचन मानत नाहीत. मी मानते, आणि साक्षीला आसोद्याच्या बहिणाबाईंना उभं करते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गाणी म्हणायच्या, ती मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने उतरवून घेतली, आणि 1952 मध्ये, बहिणाबाई गेल्यावर, पुस्तक निघालं. म्हणजे ही कविता आधी कानाचीच. शहरी पोराला तिची बोली छापील पानावर अडते; बोली येणाऱ्या आजीने म्हणून दाखवली की अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आजी नसेल तर रेकॉर्डिंग ऐका. कापूस वेचताना, भांडी घासताना ऑडिओ पुस्तक उत्तम. रसायनशास्त्र मात्र कानांनी होत नाही, करून पाहिलंय. अँड्रॉइड फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'सिलेक्ट टू स्पीक' आहे, ते चालू केलं की फोन मराठी मजकूरही वाचून दाखवतो. आवाज रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा, पण ज्याचे डोळे दुखतात किंवा ज्याला अक्षरं जुळवायला त्रास होतो, त्याच्यासाठी मोठीच सोय.

रात्रीचं थोडक्यात. झोपण्यापूर्वी टॅबवर वाचणं आणि कागदावर वाचणं यांची तुलना करणारा एक प्रयोग 2014 च्या शेवटी प्रसिद्ध झाला. माणसं फक्त 12, पण टॅबवर वाचल्यावर त्यांना झोप लागायला साधारण 10 मिनिटं जास्त लागली. दहा मिनिटांचं मला फारसं वाटत नाही. झोप पडद्याच्या उजेडापेक्षा पुस्तक मिटल्यावर "एकच रील" म्हणून बोट जिकडे जातं, तिथे जास्त जाते. म्हणून रात्री कागद.

घरात मिळून एकच फोन असेल आणि तो संध्याकाळी बाबांबरोबर परत येत असेल, तर विचार करत बसू नका, उद्याच कार्ड काढा. रोज तासभर अपडाउन असेल तर कार्डही काढा आणि फोनमध्ये दोनच पुस्तकं ठेवा. दोनशे नकोत.

तो अकरावीतला पोरगा आता मधल्या सुट्टीत येतो. टेलिग्रामचा ग्रुप त्याने सोडलेला नाही. फोन काढतो, कपाटातल्या दोन-तीन पुस्तकांच्या अनुक्रमणिकेचे फोटो घेतो, घरी जाऊन बघतो आणि दुसऱ्या दिवशी दाखल क्रमांकच, म्हणजे ग्रंथालयाने पुस्तकाला दिलेला नंबर, सांगतो: "मॅडम, 4127 काढा."