सुपर स्कल्पी बेज: परीच्या चेहऱ्याला उत्तम, बोटांना बेताची

दहा सेंटिमीटरच्या परी-बाहुलीचं डोकं जेमतेम दीड सेंटिमीटर भरतं. एवढ्याशा जागेत पापणीची कड, नाकपुडी आणि ओठांमधली फट सुईच्या टोकानं काढायची असते. या कामाला सुपर स्कल्पीच्या बेज क्लेला, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणाऱ्या पॉलिमर क्लेला, तोड नाही. काढलेली रेघ जशीच्या तशी राहते, वरून लावलेला कण खाली पटकन एकजीव होतो आणि भाजल्यावर किंचित पारदर्शक झाक येत असल्यानं चेहरा खडूचा वाटत नाही. गालांवर कोरड्या पेस्टलची (खडूसारख्या रंगकांडीची) पूड कच्च्या क्लेवरच ब्रशनं लावावी, ती छान बसते.

तक्रार आहे ती मऊपणाची. हाताच्या उबेनं क्ले चिकट होते आणि बोटांचे ठसे उमटतात. पातळ थापून काही तास साध्या कागदात दाबून ठेवली की जादा तेलकटपणा कागद शोषून घेतो. मात्र रात्रभर विसरलात तर मळताना भुगा होईल. ठसे घालवायला मऊ ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, टिपून मगच फिरवावा. ओला ब्रश पापणीच पुसून टाकतो.

खरी परीक्षा बोटांची. एक मिलिमीटर जाडीची बोटं नुसत्या सुपर स्कल्पीची केली तर कपडे चढवताना तुटतात. तीन भाग सुपर स्कल्पीत एक भाग प्रीमो किंवा सर्निट (याच प्रकारच्या दुसऱ्या क्ले) मळली की लवचिकपणा येतो. नुसती सर्निट आणखी चिवट, पण उबेनं फार लवकर ढिली पडते, म्हणून चेहऱ्याला ती नको. हातात तार घालणार असाल तर तिला आधी लिक्विड क्लेचा, म्हणजे पातळ पॉलिमर क्लेचा, हात द्या, नुसत्या तारेवर क्ले फिरत राहते.

पाकिटावर १३० अंश सेल्सिअस आणि दर ६ मिलिमीटर जाडीला १५ मिनिटं असं लिहिलेलं असतं. वेळ थोडा वाढला तर बिघडत नाही, तापमान चढलं की नाक करपतं. छोट्या ओव्हनमध्ये कॉइल जवळ असते, तेव्हा वरून फॉइलचं सैल झाकण हवं आणि ओव्हनच्या खटक्यापेक्षा आत ठेवलेल्या थर्मामीटरवर भरवसा ठेवावा. मायक्रोवेव्ह अजिबात नाही. डोक्यात आणि धडात फॉइलचा घट्ट गोळा भरून क्लेचा थर सारखा ठेवला की तडे कमी जातात. त्वचेखाली चंद्रकोरीसारखे पांढुरके डाग दिसले तर मळताना हवा किंवा ओल आत राहिली असं समजा; भाजल्यावर ते निघत नाहीत, रंगानंच झाकावे लागतात.

पंखांना ही क्ले नकोच. अ‍ॅसिटेटच्या पारदर्शक प्लॅस्टिक शीटचे पंख कापून भाजणी झाल्यावर चिकटवावेत. वार्निश पाण्यात मिसळणारं घ्यावं, कारण स्प्रेच्या डब्यातल्या कित्येक वार्निशांनी पृष्ठभाग कायमचा चिकट राहतो.

बेज छटा गुलाबीकडे झुकते. सावळी परी हवी असेल तर तपकिरी प्रीमो मिसळा, पण पूर्ण बाहुलीपुरती क्ले एकदाच मळून ठेवा आणि आधी एक गोळी भाजून रंग बघा.