गाणी भाड्याने ऐकावीत की विकत घ्यावीत?

दरमहा शंभर-दीडशे रुपये भरून सगळ्या जगाचं संगीत फोनवर ऐकायचं, की आवडीची गाणी विकत घेऊन स्वतःच्या डिस्कवर ठेवायची? सीडी प्लेअर बंद पडला आहे, नव्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही आणि ॲपचं भाडं अधूनमधून वाढतं, त्यामुळे हा प्रश्न आता बऱ्याच घरांत आला आहे. माझं मत आधीच सांगतो. नवं धुंडाळायला ॲपसारखी सोय नाही. पण जे दहा वर्षांनीही ऐकायचं आहे, ते फाइल म्हणून आपल्याकडे हवंच. ज्यांचं ऐकणं ख्याल, नाट्यसंगीत, जुनी भावगीतं असं आहे, त्यांनी तर फाइलकडेच जास्त झुकावं.

पैशांचा हिशोब सोपा आहे. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं तेव्हा महिन्याला ११९ रुपये होते. यूट्यूब प्रीमियम ऑगस्ट २०२४ मध्ये १२९ वरून १४९ वर गेलं. भाडं वाढणार हे गृहीतच धरा. तरी महिन्याला १२० रुपये कायम राहिले असं मानलं, तर दहा वर्षांचे १४,४०० रुपये होतात. ॲपलचं आयट्यून्स दुकान डिसेंबर २०१२ मध्ये भारतात उघडलं तेव्हा एक गाणं साधारण १२ ते १५ रुपयांना मिळायचं. १५ च्या दराने १४,४०० रुपयांत ९६० गाणी येतात. आता स्वतःलाच विचारा, तुम्ही फिरून फिरून ऐकता ती गाणी किती? ज्याची आवड ठरलेली आहे, त्याला हा आकडा पुरून उरतो.

पण घरात चार माणसं असतील, मुलगी कोरियन पॉप ऐकत असेल आणि मुलगा दर आठवड्याला नवं काही, तर विकत घेण्यात अर्थ नाही. ॲपल म्युझिक आणि यूट्यूब या दोघांच्याही फॅमिली प्लॅनमध्ये सहा जण बसतात. माणशी खर्च इतका कमी येतो की तिथे भाडंच स्वस्त. या बाबतीत वाद घालण्यासारखं काही नाही.

दुकान बंद झालं तर?

खरा फरक इथे आहे, आणि निर्णय घेताना लोक नेमकं याकडेच दुर्लक्ष करतात.

फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं. जून २०१३ मध्ये ते बंद झालं. पण तिथे विकल्या गेलेल्या एमपीथ्री फाइलींना कुलूप नव्हतं, म्हणजे त्या कुठल्याही उपकरणावर वाजायच्या. ज्यांनी त्या वेळी गाणी उतरवून ठेवली, त्यांच्याकडे ती आजही वाजतात. दुकान गेलं, माल राहिला.

याच्या उलट मायक्रोसॉफ्टचं उदाहरण. एमएसएन म्युझिक या त्यांच्या दुकानात विकलेल्या गाण्यांना डीआरएमचं (नक्कल रोखणारं डिजिटल) कुलूप होतं आणि किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर. २००८ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ली मिळणार नाही. म्हणजे पैसे देऊन घेतलेलं गाणं संगणक बदलला की मुकं. ग्राहकांनी आरडाओरडा केल्यावर मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली, एवढंच. ॲपलनेही २००३ पासून कुलूपबंद गाणीच विकली. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून रेकॉर्ड कंपन्यांना डीआरएम सोडायला सांगितलं, त्याच वर्षी ईएमआय ही रेकॉर्ड कंपनी राजी झाली आणि २००९ मध्ये आयट्यून्सवरच्या सगळ्या गाण्यांचं कुलूप निघालं. आज आपण बिनकुलपाची फाइल विकत घेऊ शकतो, ती ग्राहकांनी आणि त्या काळातल्या स्पर्धेने मिळवून दिलेली गोष्ट आहे. ती वापरायला हवी.

भाड्याच्या ॲपमध्ये मात्र कुलूप परत आलं आहे, फक्त ते दिसत नाही. स्पॉटिफायवर तुम्ही ‘डाउनलोड’ केलेलं गाणं फक्त त्याच ॲपमध्ये वाजतं. तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडलं नाही तर ते बंद होतं आणि एका उपकरणावर दहा हजारांची मर्यादा आहे. वर्गणी थांबली की असं उतरवलेलं सगळंच थांबतं. गूगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस गेलं, बाइटडान्सचं रेसो जानेवारी २०२४ मध्ये भारतातून गेलं आणि त्याच वर्षी एअरटेलने विंक बंद करायचं ठरवलं. प्रत्येक वेळी लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या नव्याने जुळवायची वेळ आली.

ॲप टिकलं तरी गाणं टिकेलच असं नाही. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचा करार जमला नाही आणि झीची गाणी रातोरात उतरली. त्याआधी २०१९ मध्ये वॉर्नर म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचं भांडण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. कंपन्यांच्या भांडणात कोण बरोबर हे आपल्याला ठरवायचं नाही, पण आपलं गाणं त्यात ओलीस राहू नये ही अपेक्षा रास्त आहे.

ख्याल ऐकणाऱ्याची अडचण

ॲप तीन-चार मिनिटांच्या गाण्याचा विचार करून बनवलेलं असतं. आपलं शास्त्रीय संगीत त्यात कसंबसं कोंबलेलं आहे. शोधपट्टीत ‘यमन’ टाकून पाहा. ध्यानधारणेच्या बासरीपासून फ्यूजनपर्यंत सगळं येतं, आणि हवा असलेला ख्याल त्यात कुठेतरी दबलेला असतो. सापडलाच तर तोच ख्याल चार वेगवेगळ्या संकलनांत चार नावांनी दिसतो, आणि साल म्हणून ध्वनिमुद्रणाचं नव्हे, तर ॲपवर चढवल्याचं साल. जुन्या एलपीच्या पाठीवर राग, ताल, तबल्याला कोण, संवादिनीला कोण हे छापलेलं असे. ॲपमध्ये साथीदारांचा बहुतेक वेळा पत्ताच नसतो. विलंबित आणि द्रुत असे दोन तुकडे केलेले असतील, तर मोफत आवृत्तीत त्या दोघांच्या मध्ये जाहिरात वाजू शकते. पाऊण तास स्वर मुरत आलेला असताना कर्जाची जाहिरात ऐकावी लागणं हा मला संगीताचा अपमान वाटतो.

ही अडचण सुटू शकत नाही असं मुळीच नाही. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतासाठी संगीतकार, वाद्यवृंद, संचालक यांच्यानुसार शोधता यावं म्हणून ॲपलने २०२१ मध्ये प्राइमफोनिक ही सेवा विकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये वेगळं ॲपल म्युझिक क्लासिकल आणलं. म्हणजे गरज कळते, तंत्रही हाताशी आहे. राग, ताल, घराणं यांच्यासाठी एवढी मेहनत या मोठ्या कंपन्यांपैकी कोणी घेतलेली नाही.

फाइल आपली असेल तर हे काम स्वतः करता येतं. एमपीथ्रीटॅग हा मोफत प्रोग्राम उघडायचा, फाइलीवर टिचकी मारायची आणि शीर्षकात ‘मारवा, विलंबित एकताल’, कलाकाराच्या रकान्यात गायकाचं नाव, शेऱ्यात साथीदार, स्थळ, साल असं देवनागरीत लिहून ठेवायचं. मग विंडोजवरच्या फूबार२००० या प्लेअरमध्ये ‘मारवा’ टाकलं की आपल्याकडचे सगळे मारवे एकाखाली एक येतात. अमीर खाँसाहेबांचा मारवा संपला की लगेच भीमसेनजींचा लावून दोघांची बढत, म्हणजे राग उलगडण्याची रीत, ताडून पाहता येते. शिकणाऱ्याला आणि जाणकाराला याचा जो उपयोग आहे, तो ॲपच्या कुठल्याही शिफारशीत मिळत नाही.

यूट्यूबचा अपवाद मात्र मान्य करायलाच हवा. खासगी बैठकींची, जुन्या महोत्सवांची किती तरी ध्वनिमुद्रणं संग्राहकांनी फक्त तिथे चढवलेली आहेत आणि ती पैसे देऊनही दुसरीकडे मिळत नाहीत. ती मिळतात तोवर ऐकून घ्यावीत. एखादी हक्काची तक्रार आली की संपूर्ण चॅनेल नाहीसं होऊ शकतं.

फाइल मिळवायच्या कुठून?

विकत घेण्याच्या बाजूची खरी कमजोरी हीच आहे. दुकानं कमी उरली. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. आयफोन, मॅक किंवा विंडोज असेल तर आयट्यून्स दुकानातून बिनकुलपाची २५६ केबीपीएसची (हा आकडा जितका मोठा तितकी आवाजाची प्रत चांगली) फाइल मिळते. अँड्रॉइडवरून ती थेट घेता येत नाही. पैसे भरताना एक लक्षात ठेवा. आपोआप वसुलीबद्दल रिझर्व्ह बँकेचे नियम आल्यानंतर २०२२ मध्ये ॲपलने भारतात कार्ड घेणं थांबवलं, त्यामुळे यूपीआयने खात्यात रक्कम टाकून खरेदी करणं सोयीचं.

स्वतंत्र कलाकारांसाठी बँडकॅम्प हे संकेतस्थळ चांगलं आहे. तिथे फ्लॅकसारखी मूळ प्रतीची फाइल मिळते आणि डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के बँडकॅम्प ठेवतं, पैसे भरण्याचं शुल्क वगळून बाकी कलाकाराकडे जातात. पण ही कंपनी २०२२ मध्ये एपिक गेम्सने घेतली, २०२३ मध्ये साँगट्रेडरकडे गेली आणि तेव्हा निम्म्याच्या आसपास कर्मचाऱ्यांना काढलं. म्हणून खरेदी केली की त्याच दिवशी फाइल उतरवून घ्यावी, ‘खात्यात आहेच’ म्हणून थांबू नये.

सर्वांत मोठा खजिना तुमच्या कपाटात असेल. पुण्याच्या अलूरकरांनी काढलेली शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणं, एचएमव्हीच्या सीडी, लग्नात भेट आलेले संच. सातशे-हजार रुपयांच्या बाहेरून जोडायच्या सीडी ड्राइव्हने आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या मोफत प्रोग्रामने त्या फ्लॅकमध्ये उतरवता येतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी उपयोगासाठी रास्त वापराची मुभा आहे. त्या फाइली गटांमध्ये वाटत सुटणं त्यात बसत नाही. जागेची काळजी नको. ३२० केबीपीएसला एका मिनिटाचे २.४ एमबी होतात, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबीचं. ६४ जीबीच्या कार्डावर अशी पाच हजार गाणी मावतात. पन्नास मिनिटांचा ख्याल फ्लॅकमध्ये अडीचशे-तीनशे एमबी घेतो.

फोनवर ऐकायला अँड्रॉइडवर म्युझिकोलेट हे ॲप घ्या. ते जाहिराती दाखवत नाही आणि इंटरनेटची परवानगीही मागत नाही. आयफोनवर व्हीएलसी चालतं, फक्त फाइली आत टाकायला थोडी खटपट पडते. आणि दोन्ही हवं असेल, तर यूट्यूब म्युझिकवर स्वतःच्या एक लाखापर्यंत फाइली मोफत चढवता येतात. ॲपल म्युझिकही वर्गणीदारांना एक लाखाची मुभा देतं, पण ते कधी कधी आपल्या फाइलीऐवजी स्वतःकडची जुळणारी प्रत लावतं. म्हणून मूळ फाइल पुसायची नाही.

आवाजाच्या प्रतीवरून निर्णय घेऊ नका. ॲपल २०२१ पासून जादा पैसे न घेता लॉसलेस, म्हणजे मूळ प्रतीचा आवाज देतं, स्पॉटिफायने ते २०२५ मध्ये आणलं. ब्लूटूथच्या हेडफोनपर्यंत पोचताना आवाज सहसा पुन्हा आवळला जातोच. चांगले स्पीकर आणि तार असेल तरच या मुद्द्याला वजन.

कलाकाराला काय मिळतं?

स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की आधीच्या बारा महिन्यांत हजारपेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला काहीच मानधन नाही. मोठ्या चित्रपटगीताला याने फरक पडत नाही. पण नव्याने नाट्यपदं गाणारी एखादी मुलगी, गावोगाव फिरणारे कीर्तनकार, अभंगांना स्वतःची चाल लावणारा तरुण, यांची वर्षभरात आठ-नऊशे ऐकणी झाली तर हाती शून्य. त्याच माणसाचा अल्बम शंभर जणांनी शे-दीडशे रुपयांना विकत घेतला तर स्टुडिओचा थोडा तरी खर्च निघतो. मराठी संगीत नव्याने घडत राहावं असं वाटत असेल, तर ॲपची वर्गणी असतानाही अशा कलाकारांकडून थेट विकत घ्या. मला हे दानधर्म वाटत नाही, ऐकल्याची किंमत वाटते.

ज्येष्ठांसाठी तिसरा पर्याय आहे, सारेगामाचं कारवाँ. २०१७ मध्ये आलेल्या या पेटीत पाच हजार गाणी भरलेली असतात, तिची मराठी आवृत्तीही मिळते. खातं नको, इंटरनेट नको, बटण फिरवलं की सुरू. नेमकं एखादं गाणं शोधून लावता येत नाही आणि संग्रह सारेगामाच्याच मालकीचा. पण मागे यूएसबीची खाच आहे. कपाटातल्या सीडींवरून उतरवलेली गाणी एमपीथ्री करून पेनड्राइव्हवर घाला आणि त्यात लावून द्या. डोळे अधू झालेल्या माणसाला फोनच्या पडद्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं.

सध्याचं ॲप सोडायचं ठरवलंत, तर वर्गणी बंद करण्याआधी आपली यादी बाहेर काढा. स्पॉटिफायच्या खात्यात गोपनीयतेच्या पानावरून आपला डेटा मागवता येतो, तो तयार व्हायला काही दिवस लागतात. यूट्यूब म्युझिकसाठी गूगल टेकआउट आहे, ॲपलसाठी त्यांचं गोपनीयतेचं वेगळं संकेतस्थळ. त्यात गाणी मिळत नाहीत, फक्त नावं मिळतात. पण विकत काय घ्यायचं याची तीच पहिली यादी. आणि फाइली जमल्या की दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.