हंटर ओरिजिनल: तेलाच्या वंगणावर फिरणारा जुना छतपंखा

१९८०च्या दशकात बनलेला ‘हंटर ओरिजिनल’ हा छतपंखा गेले दीड वर्ष न्यू जर्सीतील आमच्या घरी झोपण्याच्या खोलीत फिरतो आहे. माझ्या संग्रहातील सात जुन्या पंख्यांपैकी रात्रभर चालू ठेवावा असा हा एकच आहे, आणि तो इतका शांत का, हे समजून घेण्यासाठी मी तो दोनदा खाली उतरवला आहे.

हंटर कंपनी जॉन हंटर आणि त्यांचे पुत्र जेम्स यांनी १८८६मध्ये सुरू केली. त्यांचे पहिले पंखे पाण्याच्या जोरावर, पट्ट्याने फिरत. ‘ओरिजिनल’चे वैशिष्ट्य म्हणजे त्याच्या पोटातील तेलाचा साठा. आपल्याकडील पंख्यांच्या बेअरिंगमध्ये भरलेले ग्रीस काही वर्षांनी सुकते आणि घरघर सुरू होते. येथे मात्र तेल जोवर पुरेसे आहे तोवर वंगण कायम राहते. त्यातच मोटरीचे कवच बिडाचे आहे. साठ हर्ट्झच्या विजेवर मोटरीतील चुंबकीय ओढ सेकंदाला १२० वेळा कमीजास्त होते, आणि पातळ पत्र्याचे कवच त्या कंपाने ज्याप्रमाणे गुणगुणू लागते त्याप्रमाणे हे जड बीड गुणगुणत नाही. कासाब्लांका कंपनीने अनेक पंख्यांत मोटर आणि पाती यांच्यामध्ये रबर असलेली चकती बसवून हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. ती कल्पना मला आवडते, परंतु रबर जुने झाले की तडकते, आणि जुना पंखा घेणाऱ्याला नेमकी तीच चकती शोधत हिंडावे लागते.

वाऱ्याचा आवाज मुख्यतः पात्याच्या टोकाच्या वेगावर ठरतो. माझ्या ५२ इंची पंख्याची लाकडी पाती मिनिटाला २०० फेरे घेतात तेव्हा त्यांचे टोक सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने जाते. भारतातील १,२०० मिलिमीटरचा तीन पात्यांचा पंखा ३५० फेऱ्यांना सुमारे २२ मीटर गाठतो. अर्थात वाराही त्या मानाने सौम्य आहे. नागपूरच्या मे महिन्यात वाढलेल्या मला तो पहिल्या उन्हाळ्यात अपुरा वाटला, आणि भर दुपारी आजही वाटतो.

विक्रेत्याने तेल काढून न टाकता पंखा आडवा ठेवून पाठवला, त्यामुळे खोके तेलाने भिजले होते आणि साठा जवळजवळ कोरडा होता. असा पंखा मागवताना तेल आधी काढून घेण्याची अट अवश्य घालावी. नंतर मी डिटर्जंट नसलेले हलके तेल भरले, तरी गुंजन येतच राहिले. कारण पंख्यात नव्हते, भिंतीवर होते: तेथे दिव्यांसाठीचा डिमर बसवलेला होता, जो विजेची लहर कापून वेग कमी करतो आणि मोटरीला गुणगुणायला लावतो. त्या जागी साधे बटण बसवून वेग पंख्याच्या साखळीने बदलू लागल्यावर गुंजन थांबले.

वजनामुळे तो टांगताना दोन माणसे लागतात आणि आधार छताच्या तुळईचाच हवा. उन्हाळ्याच्या तोंडी मी पंखा बंद करून तेलाच्या छिद्रात वाकवलेली तार घालून पातळी पाहतो. यंदा थोडेसेच तेल घालावे लागले.