अ‍ॅमस्टरडॅमला जाणार असाल तर आमचे ६८८ युरो कसे गेले ते आधी वाचा

परवा बँकेचं पत्र आलं. व्यवहार ग्राहकाने स्वतः मंजूर केला आहे, सबब परतावा देता येत नाही. ६८८ युरो, म्हणजे सत्तर हजार रुपयांच्या वर. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातली आग गेलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

एप्रिलमध्ये दादा आणि वहिनी नाशिकहून आमच्याकडे जर्मनीत कोलोनला आले होते. आयसीई या वेगवान रेल्वेने इथून थेट अ‍ॅमस्टरडॅमला जाता येतं. शनिवार-रविवार जोडून कालवे बघायचे, सायकली चालवायच्या, तिथलं खायचं, एवढाच बेत. वहिनीची एकच अट होती, अ‍ॅन फ्रँकचं घर. ती शाळेत शिकवते, आणि जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ आठ माणसं नाझींपासून ज्या जागेत लपून राहिली ती जागा तिला आयुष्यात एकदा पाहायची होती.

त्या घराची तिकिटं फक्त संग्रहालयाच्या स्वतःच्या साइटवर मिळतात. दर मंगळवारी पुढच्या सहाव्या आठवड्याची खुली होतात आणि बघता बघता संपतात. आम्हाला सगळीकडे ‘उपलब्ध नाही’. मग शोधताना जाहिरातीत सर्वांत वर एक साइट आली: अ‍ॅन फ्रँक प्रवेश, कालव्यालगतची खाद्यसफर आणि दिवसभराची सायकल, माणशी ११२ युरो. चौघांचे ४४८.

लोक म्हणतील, स्वस्ताच्या मोहात पडलात. ११२ युरो स्वस्त आहेत का? संग्रहालयाचं तिकीट सोळा युरोंच्या आसपास असतं, हे मला माहीत होतं. महाग होतं म्हणूनच खरं वाटलं. साइटवर पत्ता होता, अटी होत्या, डच आणि जर्मन दोन्ही भाषा नीट होत्या.

आता ते क्षण, जे रोज रात्री आठवतात. कार्डाने पैसे भरायला गेले तर ‘ही सोय तात्पुरती बंद’. खाली खातेक्रमांक, सुरुवात एलटीने. एलटी म्हणजे लिथुआनिया. अ‍ॅमस्टरडॅमच्या कंपनीचं खातं एनएलने सुरू व्हायला हवं. ते मी पाहिलं होतं! पण माझ्या ऑफिसात निम्म्या लोकांची नव्या मोबाइल बँकांमधली खाती एलटीचीच आहेत. जर्मनीत घरभाडं, विजेचं बिल, डॉक्टरची फी सगळं आपण खातेक्रमांकावरच पाठवतो. संशय घ्यायचा तरी कुठे कुठे?

आणि मग बँकेच्या अ‍ॅपने सांगितलं, खातेदाराचं नाव जुळत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांत ही पडताळणी बँकांना बंधनकारक आहे. पण त्या चोरांना ते आमच्याहून आधी माहीत होतं. त्यांनी पानावर आधीच लिहून ठेवलं होतं, ‘आमचं खातं हिशेब पाहणाऱ्या संस्थेच्या नावावर आहे, बँकेने वेगळं नाव दाखवल्यास पुढे जा.’ मी पुढे गेले. त्या एका बटणापाशी सगळं थांबलं असतं. नाव जुळत नाही असं दिसलं की तिथेच अ‍ॅप बंद करा. कारण कुणी कितीही पटणारं देवो. आधीच तयार ठेवलेलं कारण हाच पुरावा समजा.

शुक्रवारी रात्री हॉटेलात असताना मेसेज आला: सायकलींची अनामत राहिली आहे, प्रत्येकी ६० युरो, रात्री बारापर्यंत न आल्यास बुकिंग रद्द. चौघांचे २४०. तेही गेले, तात्काळ हस्तांतराने, म्हणजे दहा सेकंदांत पलीकडे. खरा सायकलवाला अनामत सायकल हातात देताना घेतो, आदल्या रात्री नाही. पण ४४८ अडकलेले असताना माणूस २४० साठी मागे हटेल का? ते नेमकं यावरच जगतात.

शनिवारी सकाळी साडेनऊला डाम चौकातल्या राष्ट्रीय स्मारकाशी भेट ठरली होती. तिथे एक स्पॅनिश जोडपं आणि इटलीच्या तीन मुली, सगळ्यांच्या हातात आमच्यासारखाच कागद. कुणीही आलं नाही. फोन बंद. दुपारपर्यंत साइटही गायब. स्क्रीनशॉट मी बुकिंगच्या वेळीच काढले होते म्हणून निदान दाखवायला काही उरलं. तुम्हीही पैसे भरण्याआधी काढून ठेवा.

मी तिथूनच बँकेला फोन लावला. उत्तर: पैसे परत मागवण्याची विनंती सोमवारी जाईल. आणि ती गेली तरी समोरचा खातेदार संमती देईल तरच रक्कम येते. ज्याने चोरले त्याची संमती! अ‍ॅमस्टरडॅमच्या पोलीस ठाण्यात गेलो तर ऑनलाइन तक्रार करा म्हणाले. ऑनलाइन गेलो तर तिथल्या रहिवाशांचा डिजिडी, म्हणजे सरकारी ऑनलाइन ओळख, मागतात, तो आमच्याकडे कुठून असणार? काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, पैसे जर्मनीतून गेले, तक्रार जर्मनीत करा. कोलोनला आल्यावर इथल्या पोलिसांनी विचारलं, घटना नेदरलँड्समध्ये, खातं लिथुआनियात, मग इथे कशाला आलात? शेवटी तक्रार घेतली, एक क्रमांक दिला, आणि काही आठवड्यांनी सरकारी वकिलांचं पत्र, आरोपीची ओळख पटू शकत नाही, तपास थांबवला आहे. अरे, खातेक्रमांक दिला आहे ना मी तुम्हाला! बँकेने कागदपत्रं न पाहता खातं उघडलं का? विचारा की त्यांना. युरोप एक आहे म्हणतात. पैसे दहा सेकंदांत सीमा ओलांडतात आणि तक्रार मात्र प्रत्येक सीमेवर अडवली जाते. माझी मावसबहीण लंडनला असते. तिथे ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत देशांतर्गत पाठवलेले पैसे बँकांना ठरावीक मर्यादेपर्यंत भरून द्यावे लागतात. इथे मात्र ‘तुम्ही बटण दाबलंत.’ कार्डाने भरले असते तर किमान दाद मागता आली असती. कार्ड चालत नसेल तर खरेदीच करू नका.

वहिनी प्रिन्सेनग्राख्त कालव्याकाठी त्या घरासमोर उभी राहिली, आत जाणारी रांग बघत. एक शब्द बोलली नाही. पैशांपेक्षा मला याचा जास्त राग आहे.

बाकी सगळं कुणाच्याही सफरीशिवाय झालं, हेही सांगायलाच हवं. एका खऱ्या दुकानातून सायकली घेतल्या, दिवसाला प्रत्येकी १५ युरो, अनामत परत मिळाली. सेंट्राल स्टेशनमागून आय नावाचा जलमार्ग ओलांडणाऱ्या फेरीबोटीला पैसे पडत नाहीत, सायकलही चढवता येते. पलीकडे डुर्गरडाम गावाकडे पाण्याच्या कडेने रस्ता जातो. राइक्सम्युझियमच्या इमारतीखालून तर सायकली आरपार जातात. फक्त ट्रामच्या रुळात चाक अडकू देऊ नका, रूळ आडवेच ओलांडा. आल्बर्ट काउप बाजारात गरम स्ट्रूपवाफेल, म्हणजे पाक भरलेलं पातळ वाफेल, खाल्लं, दादाने कांदा घालून हेरिंग मासा खाल्ला, आणि शाकाहारी वहिनीचं पोट सुरिनामी रोटीने भरलं. १८७३ पासून सुरिनाम या तेव्हाच्या डच वसाहतीत नेलेल्या आपल्या मजुरांच्या वंशजांनी ती इथवर आणली. यातल्या कशासाठीही आगाऊ पैसे लागत नाहीत.

गेल्या आठवड्यात तेच पान पुन्हा दिसलं. नाव वेगळं, शहर प्राग, पण होडीचा फोटो तोच, अ‍ॅमस्टरडॅमचा. कार्डाची सोय तात्पुरती बंद. मी जाहिरातीची तक्रार केली, पोलिसांना त्याच जुन्या क्रमांकावर कळवलं. पोलिसांनी पोच दिली. जाहिरात आज सकाळीही वरच होती.