टोकनचं ॲप वापरलं, अटी मात्र उशिरा वाचल्या

क्रिप्टो टोकन, म्हणजे एखाद्या प्रोजेक्टची डिजिटल नाणी, विकणाऱ्या या ॲपचं नाव घेत नाही, अटींमध्ये बदनामीबद्दल पण एक कलम आहे, उगाच कशाला. केवायसी पटकन झालं, टोकन घेणं तर मोबाइल रिचार्ज मारण्याइतकं सोपं, त्याचे दोन स्टार. बाकीचे तीन कापले ते "मला मान्य आहे" वाल्या चौकोनामुळे, जो मी पण न वाचताच टिक केला होता. मग एक दिवस पैसे काढायला गेलो तर "विड्रॉवल तात्पुरतं बंद", चार दिवस तेच, आणि सपोर्टवाल्याने शांतपणे फक्त कलमाचा नंबर पाठवला. तेव्हा कुठे बसून अख्खं वाचलं.

वर मोठ्या अक्षरात "प्रोजेक्टचे भागीदार व्हा" आणि खाली बारीक अक्षरात काय, तर टोकनवाल्याला मालकी नाही, नफ्यात वाटा नाही, मत नाही, रिफंड नाही. मग भागीदार कसले राव? शेअरसारखं दिसलं की शेअरचे कायदे लागतात ना, अमेरिकेत अजून १९४६ च्या हॉवी खटल्याची कसोटी लावतात (दुसऱ्याच्या कष्टावर नफा मिळेल म्हणून पैसे घातले की ती गुंतवणूक), म्हणून हे "युटिलिटी टोकन", म्हणजे म्हणे गुंतवणूक नाही, फक्त सेवा वापरायचं कूपन. युटिलिटी कुठली विचाराल तर व्हाइटपेपरमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीपत्रकात, सगळं "भविष्यात".

सगळ्यात डेंजर कलम व्याजाच्या स्कीमचं. त्यात टोकन ठेवले की मालकी कंपनीची. मला वाटलं वकिली भाषा आहे, असतंच असं, पण क्रिप्टो ठेवींवर व्याज देणारी सेल्सियस कंपनी २०२२ ला दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्या अशाच व्याजाच्या "अर्न" स्कीममध्ये साधारण सहा लाख खाती आणि ४२० कोटी डॉलरचं क्रिप्टो अडकलं होतं आणि जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने सांगितलं की लोकांनी मान्य केलेल्या अटींप्रमाणे ते कंपनीचंच. लोक बसले वसुलीच्या रांगेत.

बाकी नेहमीचंच, भांडण झालं तर कोर्ट नाही लवाद, तोही ते म्हणतील त्या देशात, सगळ्यांनी मिळून केस करायची नाही, आणि भरपाई जास्तीत जास्त वर्षभरात भरलेल्या फीएवढीच. प्रोजेक्टच्या टीमचे स्वतःचे टोकन वर्षभर लॉक आहेत, म्हणजे तोवर विकता येत नाहीत, हे पण तिथेच सापडलं, लॉक सुटला की ते कुणाला विकणार ते कळलंच असेल.

विड्रॉवल आता सुरू झालंय. परवा मेल आला, अटी बदलल्यात, ॲप वापरत राहिलात म्हणजे मान्य. नवीन अटी वाचायला लॉगिन करावं लागलं, म्हणजे झाल्याच मान्य.